पुण्याचा कॅमेरा आणि प्लेनोचा प्रिंटर

मंडळी, हा लेख वाचण्याआधी एक छोटा प्रयोग करा. हातातल्या फोनवर वाय-फायच्या सेटिंगमध्ये जा आणि तुमच्या राऊटरचा पत्ता बघा. बहुतेकांना १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ दिसेल, काहींना १०.०.०.१. आता पुण्याला, नाशिकला, डोंबिवलीला, जिथे कुठे तुमचं घर असेल तिथे फोन लावून तिथल्या राऊटरचा पत्ता विचारा. तोच निघण्याची शक्यता भरपूर आहे. चौदा हजार किलोमीटर लांब असलेली दोन घरं, आणि दोन्हींचा पत्ता एकच. गेल्या जानेवारीपर्यंत मला ही निव्वळ एक गंमत वाटत होती.

माझी आई कोथरूडला एकटी राहते. बाबा गेल्यानंतर दारावर एक कॅमेरा लावू या म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते. शेवटी ती तयार झाली, पण तिच्या अटीवर: कॅमेरा दाराबाहेर, घरात एकही नाही. माझीही एक अट होती. आईच्या दारात कोण येतं, कोण जातं याचं चित्रण कुठल्याशा कंपनीच्या कुठल्याशा देशातल्या सर्व्हरवर जाऊन पडू नये. म्हणून टीव्हीखाली एक रास्पबेरी पाय ठेवला. चित्रण त्याच्यावरच साठतं, आणि मला बघायचं असेल तर पाय आणि माझा इथला जुना डेस्कटॉप यांच्यामध्ये वायरगार्डचा बोगदा आहे. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्येच आलं, त्यामुळे वेगळं फारसं काही बसवावं लागत नाही. आईचं ब्रॉडबँड सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. बाहेरून तिच्या घराला हाक मारता येत नाही. म्हणून पाय स्वतःहून प्लेनोला हाक मारतो आणि दर २५ सेकंदांनी "मी आहे" असं सांगत राहतो.

हे सगळं मी डिसेंबरच्या भारतवारीत बसवलं. कॅमेऱ्याला तिथल्या राऊटरने पत्ता दिला १९२.१६८.१.५०. प्लेनोला परतल्यावर पहिल्याच रात्री ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला. पान लगेच उघडलं. इतक्या पटकन उघडलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. आणि मग दिसलं, की पान मला सांगतंय, निळी शाई संपत आली आहे.

तो आमचा प्रिंटर होता. शेजारच्या खोलीतला.

पुढचा अर्धा तास मी तेच केलं जे आपण सगळे करतो. पुण्याच्या ब्रॉडबँडला नावं ठेवली, कॅमेऱ्याच्या कंपनीला नावं ठेवली, आईला फोन करून "तू काही हलवलंस का?" असं विचारलं. (तिने काहीही हलवलं नव्हतं, आणि तसा प्रश्न विचारल्याबद्दल मी अजून ऐकते आहे.) मग टर्मिनल उघडलं आणि एक ओळ टाइप केली: आयपी राऊट गेट १९२.१६८.१.५०. या लेखात कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत. उत्तर आलं: १९२.१६८.१.५० डेव्ह ईएनओ१ सोर्स १९२.१६८.१.२३.

हे उत्तर वाचायला शिकणं अवघड नाही. डेव्ह म्हणजे पॅकेट कुठल्या दाराने बाहेर पडणार. ईएनओ१ हे माझ्या डेस्कटॉपच्या नेटवर्क केबलचं दार. सोर्स म्हणजे पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता काय लिहिला जाईल. आणि जे लिहिलेलं नाही ते सर्वात महत्त्वाचं: इथे 'व्हाया' नाही. एसटीच्या पाटीवर आपण लहानपणापासून "मार्गे सातारा" वाचत आलो, तेच हे व्हाया. ते नाही याचा अर्थ, मधे कुठलाही थांबा नाही, ज्याला गाठायचं आहे तो याच घरात आहे असं कर्नल समजतो आहे. बोगद्याचं दार, डब्ल्यूजी०, या उत्तरात कुठेच नव्हतं. म्हणजे माझं पॅकेट पुण्याला निघालंच नव्हतं. ब्रॉडबँड निर्दोष, कॅमेरा निर्दोष, आई तर निर्दोष होतीच.

माझं म्हणणं आता सांगते, म्हणजे पुढे भांडायला बरं. संगणकावर पोट भरणाऱ्या प्रत्येकाला ही एक ओळ यायला हवी, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती येत नाही. मी हे प्लेनोत बसून म्हणते आहे हे विशेष. या गावात रॉस पेरोंच्या ईडीएसचं मुख्यालय होतं, लेगसी भागात एरिक्सनचं उत्तर अमेरिकेतलं मुख्यालय आहे, आणि खाली शेजारच्या रिचर्डसनमधल्या हायवे ७५ च्या पट्ट्याला तर 'टेलिकॉम कॉरिडॉर' असंच नाव पडलेलं आहे. इथल्या कुठल्याही मराठी पॉटलकला दहा जण जमले की त्यात सहा-सात आयटीवाले निघतात. त्यांच्यापुढे "घरचं नेट चालत नाही" असं म्हणा. राऊटर बंद करून चालू कर, वाय-फाय विसरून परत जोड, नवीन मेश सिस्टीम घे. तुझं पॅकेट कुठल्या दाराने जातंय ते बघितलंस का, असं कोणी विचारत नाही. मीही वीस वर्षं विचारलं नव्हतं.

कर्नल हे कसं ठरवतो? हे समजावून सांगायला माझ्याकडे अस्सल मराठी उदाहरण आहे. भारतात पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आणि तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृत कवीही होते. एकाच नावाची अनेक गावं, डझनभर लिप्या, त्यातून चुकणारी पत्रं, यावर त्यांनी काढलेला हा उपाय. सहा आकडे. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा सगळा पट्टा. पहिले तीन, ४११, म्हणजे पुणे. शेवटचे तीन म्हणजे नेमकं टपाल कार्यालय, जसं ४११०३८ म्हणजे कोथरूड.

आता गंमत अशी, की कोलकात्यात टपाल निवडणाऱ्या माणसाला कोथरूड कुठे आहे हे ठाऊक असण्याची काही गरज नाही. त्याने सुरुवातीचे आकडे बघायचे आणि पश्चिमेच्या थैलीत टाकायचं. पुण्याच्या कार्यालयाने मात्र शेवटचे तीन बघायचे. एकाच पत्त्याला दोन नियम लागू पडत असतील, "४ ने सुरू होणारं सगळं इकडे" आणि "४११ ने सुरू होणारं तिकडे", तर ज्याचे जास्त आकडे जुळतात तो जिंकतो. इंटरनेटचं राउटिंग नेमकं हेच करतं, फक्त आकड्यांऐवजी बिट मोजतं. १९२.१६८.१.०/२४ यातला /२४ म्हणजे ३२ पैकी पहिले २४ बिट जुळले पाहिजेत. /० म्हणजे काहीच जुळायला नको, आणि म्हणून तो सगळ्यांना लागू, फक्त सर्वात शेवटी. त्यालाच डीफॉल्ट राऊट म्हणतात. दुसरं काहीच जुळलं नाही तर ही थैली.

"जास्त जुळणारा जिंकतो" हा नियम किती निर्दयपणे पाळला जातो याचं उदाहरण २४ फेब्रुवारी २००८ चं. पाकिस्तान सरकारला देशात यूट्यूब बंद करायचं होतं. यूट्यूब जगाला आपला पत्ता सांगत होतं २०८.६५.१५२.०/२२. पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत वापरासाठी २०८.६५.१५३.०/२४ असा मार्ग तयार केला आणि तो चुकून बाहेर, हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूमार्फत जगभर पोचला. /२४ हा /२२ पेक्षा नेमका. जगभरच्या राऊटरांनी निमूटपणे तो उचलला आणि यूट्यूब सुमारे दोन तास अनेकांसाठी गायब झालं. राऊटर चुकले नाहीत, त्यांनी नियम पाळला.

माझ्या डेस्कटॉपनेही नियमच पाळला होता. त्याच्याकडे १९२.१६८.१.०/२४ साठी एक मार्ग होता, केबल लावल्याबरोबर कर्नलने स्वतः लिहिलेला: हे सगळे शेजारी, ईएनओ१ च्या दाराने. खाजगी पत्त्यांचे हे पट्टे १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने ठरवून दिले: १०/८, १७२.१६/१२ आणि १९२.१६८/१६. कोणीही वापरा, बाहेर दिसणार नाहीत. त्यात लाखो पत्ते आहेत, पण राऊटर बनवणारे सगळे त्याच दोन-तीन कोपऱ्यांत गर्दी करतात. सोय म्हणून ठीक होतं, कारण कोणाच्या घराला दुसऱ्याच्या घराशी बोलायचं नव्हतं. आपल्यासारख्यांना, ज्यांची दोन घरं आहेत, ही गर्दी नडते.

उपाय लगेच सुचला आणि मला फार हुशार वाटला. जास्त जुळणारा जिंकतो ना? मग पूर्ण ३२ बिटांचाच मार्ग घालू. वायरगार्डला तो पत्ता चालेल असं सांगितलं आणि टाइप केलं: आयपी राऊट अ‍ॅड १९२.१६८.१.५०/३२ डेव्ह डब्ल्यूजी०. कॅमेरा दिसला! आईच्या दारातली रांगोळी, शेजारच्यांच्या चपला, सकाळचं कोवळं ऊन. मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. त्याने कौतुक केलं आणि मग त्याच डेस्कटॉपवरून कराचे कागद छापायला बसला. प्रिंटर सापडेना. सापडणार कसा, त्याची पॅकेटं कोथरूडला जात होती.

म्हणजे खरा उपाय एकच होता, पुण्याच्या घराचा पट्टाच बदलायचा. १९२.१६८.७७.० करायचं ठरवलं. हे काम डिसेंबरमध्ये तिथे असताना पाच मिनिटांत झालं असतं. आता ते बोगद्यातून, पायवर जाऊन, तिथून राऊटरच्या पानावर जाऊन करायचं होतं.

त्याआधी जरा साफसफाई करू म्हटलं, आणि तिथेच घात झाला. पायला केबलही लावलेली होती आणि वाय-फायही चालू होतं, म्हणून त्याच्याकडे दोन डीफॉल्ट मार्ग होते: एक ईटीएच० मधून, मेट्रिक १००, दुसरा डब्ल्यूलॅन० मधून, मेट्रिक ६००. मेट्रिक म्हणजे किंमत. दोन मार्ग सारखेच जुळत असतील तर स्वस्त तो घ्यायचा. वाय-फायची गरज नव्हती, म्हणून आयपी लिंक सेट डब्ल्यूलॅन० डाऊन असं करून मी ते दार बंद केलं. आता त्याचा डीफॉल्ट मार्गही काढून टाकू, असं म्हणून टाइप केलं: आयपी राऊट डेल डीफॉल्ट.

दार बंद केलं की त्या दाराचे मार्ग कर्नल स्वतःच पुसतो. वाय-फायचा डीफॉल्ट त्याने आधीच पुसला होता. उरला होता तो एकच, केबलचा, ज्याच्यावरून मी त्या क्षणी बोलत होते. तो मी माझ्या हाताने पुसला. कर्सर थिजला. प्लेनोत रात्रीचे अकरा वाजले होते, पुण्यात सकाळचे साडेदहा.

आईला फोन लावला.

"आई, टीव्हीखालची ती छोटी डबी आहे ना, तिची वायर काढ आणि दहा आकडे मोजून परत लाव."

"कुठली वायर? काळी की ती चपटी?"

"काळी. बारीक."

"काढली. अगं, पण लाल दिवा गेला."

"तो जायलाच हवा. आता लाव."

"लावली. लाल आला. हिरवा नुसता लुकलुकतोय. हे तुझं काम मी करायचं, आणि पगार तुला."

एका मिनिटात पायने प्लेनोला हाक मारली. हे शक्य झालं कारण आयपी कमांडने केलेले बदल फक्त चालू कर्नलच्या स्मृतीत असतात. कुठल्याही फाइलमध्ये लिहिले जात नाहीत, रीस्टार्ट झालं की साफ. नवशिक्यांना याचा राग येतो: "मी केलेलं सगळं गेलं!" मला मात्र हा या हत्याराचा सर्वात मोठा गुण वाटतो. कायमचं करायचं असेल तर ते नेटवर्क मॅनेजर, नेटप्लॅन किंवा वायरगार्डच्या फाइलमध्ये लिहा, पण आधी हाताने करून बघा, चुकलं तर विसरून जाणारं यंत्र तुमच्या बाजूने आहे. याउलट अ‍ॅपमधलं 'सेव्ह' बटण काहीच विसरत नाही.

दूरच्या यंत्रावर मार्ग बदलणाऱ्यांची एक जुनी सवय आहे, जी मी पुस्तकात वाचली होती आणि पाळली नव्हती. काम सुरू करण्याआधी शटडाऊन -आर +५ टाइप करायचं, म्हणजे पाच मिनिटांनी यंत्र आपोआप रीस्टार्ट होईल. मग बदल करायचा. सगळं ठीक असेल तर शटडाऊन -सी करून तो रद्द करायचा. आपणच बाहेर अडकलो तर पाच मिनिटं चहा प्यायचा. सिस्कोचे लोक हेच 'रीलोड इन ५' करून करतात, जुनिपरवर 'कमिट कन्फर्म्ड' आहे, आणि उबुंटूच्या 'नेटप्लॅन ट्राय' मध्ये तर १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाहीत तर जुनी मांडणी परत येते. आईच्या फोनपेक्षा हे बरं, हे तिचं मत.

"एवढ्याशा चुकीवर लेख?" असं कोणाला वाटत असेल तर ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते, इथे सकाळ होती, आणि घरचे सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकदम गप्प झाले. फेसबुकच्या अभियंत्यांनी नंतर जे प्रसिद्ध केलं त्यानुसार, नेहमीच्या देखभालीत आपल्या जागतिक कण्याची क्षमता तपासण्यासाठी एक कमांड दिली गेली आणि तिने तो कणाच तोडला. अशा कमांड अडवणाऱ्या तपासणी-प्रणालीत दोष होता, तिने अडवलं नाही. डेटासेंटरशी संपर्क तुटलेला पाहून त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपले मार्ग जगातून मागे घेतले. दुरून दुरुस्ती करायची ती ज्या जाळ्यातून, तेच बंद. माणसांना प्रत्यक्ष इमारतीत पाठवावं लागलं, आणि तिथल्या सुरक्षेतून आत शिरायलाही वेळ गेला. सुमारे सहा तास. ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायची, हे आकाराने वेगळं असलं तरी जातकुळी तीच. त्यांच्याकडे वायर काढून लावणारी आई नव्हती.

आता थोडं शिकवणाऱ्यांशी भांडण. मी पुण्यात शिकले तेव्हा आयएफकॉन्फिग आणि राऊट या दोन कमांड घोकल्या होत्या. मुलाखतीत विचारायचे, आपण धडाधड म्हणून दाखवायचो. आयएफकॉन्फिग १९८३ च्या ४.२ बीएसडीमधून आलेलं आहे. लिनक्समध्ये १९९९ च्या २.२ कर्नलच्या वेळेपासून अलेक्सी कुझ्नेत्सोव यांनी लिहिलेलं आयपीराऊट२ आलं, आणि आयपी ही कमांड त्याचा भाग. जुनी कमांड कर्नलशी जुन्या पद्धतीने बोलते, नवी नेटलिंक वापरते, आणि त्यामुळे कर्नलला जे ठाऊक आहे ते जवळपास सगळं ती दाखवू शकते. एका दाराला दोन पत्ते असले तर आयएफकॉन्फिग दुसरा गुपचूप गिळून टाकू शकतं. डेबियनने २०१७ पासून ते मूळ बसवणीतून काढलं. तरीही अजून कित्येक मराठी-हिंदी व्हिडिओ "सुडो आयएफकॉन्फिग" नेच सुरू होतात, आणि विद्यार्थ्याचा पहिला अनुभव 'कमांड नॉट फाउंड' हा असतो. मॅकवर आयएफकॉन्फिग अजून जिवंत आहे, तिथे खुशाल वापरा. लिनक्स शिकवताना मात्र ते इतिहासात जमा करावं.

आणि एक गोष्ट, जी मला या भानगडीत नव्याने कळली. आयपी राऊट शो वर फार विसंबू नका, गेट विचारा. शो म्हणजे मुख्य तक्ता. पण लिनक्समध्ये तक्ते अनेक असतात आणि आधी कुठला बघायचा याचे नियम आयपी रूल मध्ये असतात. वायरगार्डने सगळी रहदारी बोगद्यात घातली तर त्याची नेहमीची स्क्रिप्ट मुख्य तक्त्यातला डीफॉल्ट हलवतच नाही, ५१८२० नंबरचा वेगळा तक्ता करते. शो मध्ये सगळं जुनंच दिसतं आणि पॅकेट भलतीकडून जातं. ओपनव्हीपीएनची युक्ती त्याहून मजेशीर: ते ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे दोन मार्ग घालू शकतं. दोघं मिळून सगळं इंटरनेट व्यापतात, आणि /१ हा /० पेक्षा एका बिटाने नेमका, म्हणून तुमचा मूळ डीफॉल्ट जागेवर राहूनही हरतो. ऑफिसचं व्हीपीएन लावलं की घरचा प्रिंटर गायब होतो, किंवा घर १०.०.०.x वर असेल तर ऑफिसचाच एखादा सर्व्हर सापडत नाही, त्यामागे असलंच काहीतरी असतं. गेट हा थेट प्रश्न आहे: या पत्त्याला आत्ता पाठवलंस तर कुठून पाठवशील?

माझ्या या मताला नवऱ्याचा विरोध आहे. तो नेटवर्कवालाच आहे, त्यामुळे ऐकावं लागतं. त्याचं म्हणणं, गाडी चालवायला इंजिन उघडता यायला नको. आणि तुझा रूट टेबल तुला फक्त पहिली पायरी दाखवतो, पुढे अटलांटिकखालच्या तारांवर तुझा काय अधिकार? हे खरं आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे प्लेनो-पुणे सरळ रेषेत जाऊन-येऊनच १४० मिलिसेकंद. तार सरळ जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. यात कमांड काही करू शकत नाही. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्री केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट रडतखडत चालत होतं, तेव्हाही काही करता आलं नसतं.

पण पहिली पायरी आपली आहे, आणि घरातल्या बऱ्याच भानगडी तिथेच असतात. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फात टेक्सासमध्ये ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली, त्यात आमचंही घर होतं. राऊटर आणि डेस्कटॉप यूपीएसवर, पण गल्लीतली केबल मेलेली. फोनचा हॉटस्पॉट चालू केला, डेस्कटॉप वाय-फायने त्याला जोडला, तरी नेट नाही. कारण मेट्रिक! केबलचा डीफॉल्ट १००, वाय-फायचा ६००. राऊटर जिवंत असल्यामुळे दार उघडंच दिसत होतं, आणि राऊटरच्या पलीकडे काळोख आहे हे कर्नलला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मी हे ओळखलं नाही आणि अर्धा तास बॅटरी जाळली. आज असतं तर आयपी राऊट ने दहा सेकंदांत दिसलं असतं. (नुसती केबल उपटली असती तरी चाललं असतं, असं नवरा म्हणतो. मान्य. पण केबल उपटायची हे कळायला तक्ता वाचावा लागतो.)

आयपीव्ही६ वाले म्हणतील, हे रडगाणंच जुनं. खरं आहे, तिथे प्रत्येक घराला वेगळा पट्टा मिळतो, आणि आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगात पुढच्या रांगेत आहे. माझ्या कॅमेऱ्याला मात्र फक्त आयपीव्ही४ कळतं, आणि स्वस्त उपकरणांची ही तऱ्हा अजून काही वर्षं राहील असं दिसतंय.

तर शेवटी दुसऱ्या दिवशी, शटडाऊन -आर +१५ लावून, मी आईच्या राऊटरच्या पानावर १९२.१६८.७७.१ लिहिलं. राऊटर स्वतः रीस्टार्ट झाला. दोन मिनिटं श्वास रोखून बसले. पायला नवा पत्ता मिळाला, त्याने हाक मारली, मी घाईघाईने शटडाऊन -सी केलं. इथल्या वायरगार्डच्या फाइलमध्ये १९२.१६८.७७.०/२४ लिहिलं, त्यावरून मार्ग तो स्वतःच घालतो. गेट विचारलं, उत्तरात डब्ल्यूजी० आलं. दोन्ही घरांचे पत्ते वेगळे झाले, प्रिंटर घरी परतला.

तुमची पुढची भारतवारी उन्हाळ्यात असेल किंवा गणपतीत, आई-बाबांच्या घरी पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत, पाहुणे सुरू होण्याआधी, राऊटरच्या पानावर जाऊन तो १ बदला. १ आणि ० सोडून २५५ पर्यंत कुठलाही आकडा घ्या, फक्त भावाने आणि मेहुण्याने तोच घेतलेला नाही एवढं विचारून घ्या. आणि काळ्या वायरीला एक चिठ्ठी चिकटवून ठेवा. आमच्याकडे आईने चिकटवली आहे, तिच्या अक्षरात: "ही काढायची, दहा मोजायचे, परत लावायची. आधी अमेरिकेला विचारणे."